एकही तार सामाईक नको

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ एप्रिल २०२५

प्रिय कोंडीबा,

शरणार्थ. तुझ्या सुनेने, रेश्माने, फोनवर सांगितलं की घशाचं ऑपरेशन झाल्यापासून मामंजी ऐकतात पण बोलू शकत नाहीत, आणि मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून लिहायचा त्यांना राग येतो. म्हणून हे पत्र. तसंही मला तुझ्याकडून एक नकाशा काढून हवा आहे, तो फोनवर मिळाला नसताच.

माझ्या घरात घरघर आहे. निवृत्तीनंतर मी एकच हौस केली हे तुला ठाऊक आहे: व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, तबकड्या वाजवायचं यंत्र आणि माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर. रोज संध्याकाळी सहाला मी तबकडी लावतो. आता सुई टेकायच्या आधीच स्पीकरमधून घरघर सुरू होते. गायकाने श्वास घेतला की त्या फटीत ती घुसते. ॲम्प्लिफायरच्या पेटीला हात लावला तर बोटांना मुंग्या येतात. मला झोप नाही, जेवणात लक्ष नाही. चंद्रिका म्हणते, बायको आजारी पडली तरी इतके हैराण झाला नसतात.

चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो, त्यामुळे जे ऐकतो ते तारीखवार लिहून ठेवायची सवय आहे. घरघरीची वही केली आहे. सगळं दाखवून झालं. पुण्याच्या एका तज्ज्ञाने फोनवर सांगितलं की घरातल्या फ्रीज-पंख्यांच्या लाइनीवर असली यंत्रं चालवणं म्हणजे भाजीबाजारात बसून सतार ऐकणं. मीटरपासून थेट, जाड तांब्याची, स्वतंत्र लाइन घ्या. तिच्यावर दुसरं काहीही नको. आमच्या पेठेतला गुरुशांत हे काम करणार आहे. चांगला पोरगा आहे, पण जुन्या घरात हात घालायला घाबरतो. तो म्हणतो, वाटणीच्या वेळी ज्यांनी वायरिंग तोडून दोन घरं केली त्यांच्याकडून नकाशा आणा.

ते तू केलंस. अठरा वर्षांपूर्वी. तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं ते तुझ्या लक्षात असेलच: त्या घरात आणि माझ्या घरात एकही तार सामाईक नको.

तज्ज्ञाने असंही सांगितलं की सोलापूरच्या उन्हात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घाला. आपल्या पुढच्या चौकात तू केलेल्या खड्ड्यात मी आठ दिवस रोज बादलीभर पाणी ओततो आहे. मीठही टाकलं. काडीचा फरक नाही. असं का?

नकाशा लवकर पाठव.

तुझा,
मृत्युंजय

*

सांगोला
७ एप्रिल २०२५

धाकटे मालक,

नमस्कार. पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून कोर्टातल्यावानीच हाय, एक रेघ इकडची तिकडं न्हाय. माझं समजून घ्या. रेश्मा म्हणती मी लिव्हते मामंजी, तुमी सांगा. म्या म्हनलं, सांगता आलं असतं तर कागद कशाला लागला असता?

मालक, लाइन बिइन काय वडू नका. उनाळा सरंपतूर थांबा. पाऊस लागला की घरघर आपोआप जाती. भिंती जुन्या हायत, छिन्नी लागली की माती पडती, उगं घरात धूळ.

चौकातल्या त्या खड्ड्यात पाणी वतू नका. तितं काय उपेग न्हाय. मीठ तर अजाबात टाकू नका.

नकाशा धुंडाळतो. लई वर्सं झाली.

थोरल्या मालकांची तब्येत कशी हाय? दर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंला येतो तवा मागल्या बोळातनं त्यास्नी भेटून जातो, हे तुमास्नी ठाऊक हाय, म्या कधी लपवलं न्हाय. यंदा घशामुळं आलो न्हाय. जरा चंद्रिका वैनीस्नी इचारून कळवा.

तुमचा,
कोंडीबा

*

सोलापूर
११ एप्रिल २०२५

कोंडीबा,

मी नकाशा मागितला आणि तू हवापाण्याच्या गप्पा पाठवल्यास. 'उपेग न्हाय' म्हणजे काय? अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून उपयोग नाही, तर कशात घालू?

तुझी वाट न बघता काल गुरुशांतने मीटरचा बोर्ड उघडला. त्यातून हिरव्या रंगाची अर्थिंगची तार निघते. ती चौकातल्या खड्ड्याकडे जायला हवी ना? ती जात नाही. ती उलट दिशेला, मधल्या भिंतीत शिरते. म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरात. सिद्धारामच्या.

मला रात्रभर डोळा लागला नाही. अठरा वर्षं त्या माणसाशी माझा शब्द नाही. वडिलांचं चादरीचं दुकान मला न विचारता त्याने विकलं, त्यानंतर मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. माझं दार पुढच्या रस्त्याला, त्याचं मागच्या बोळाला, मध्ये वीतभर जाड भिंत. आणि त्या भिंतीतून त्याची तार माझ्या बोर्डात आली आहे! आता मला घरघर कुठून येते ते कळलं. त्याच्या घरातली मोटर, मिक्सर, काय असेल ते, सगळी घाण तो माझ्या तारेत सोडतो आहे आणि ती माझ्या स्पीकरमधून बोलते आहे.

गुरुशांतला मी विचारलं, "ही तार त्याने नंतर गुपचूप घातली असेल?"

तो म्हणाला, "काका, तार जुनी आहे. वाटणीच्या वेळचीच. घातली ती कोंडीबामामांनीच."

हे खोटं आहे असं तू मला लिहून पाठव.

घाण गाळायला पुण्याहून मार्चमध्ये एक फिल्टरची पेटी मागवली होती. पहिला दिवस बरा गेला, मग घरघर दुप्पट झाली. आता दुसरी पेटी मागवली आहे, ती उद्या येईल. पण खरा इलाज एकच. नवी लाइन, आणि तिला माझा स्वतःचा, खोल, नवा खड्डा. खडक फोडायचं ड्रिल मशीन रविवारी, २७ तारखेला येणार. त्याच दिवशी ती हिरवी तार भिंतीजवळून कापून टाकायची. गुरुशांतला तसं सांगून ठेवलं आहे.

आणि तू मला त्याची तब्येत विचारू नकोस.

मृत्युंजय

*

सांगोला
१७ एप्रिल २०२५

धाकटे मालक,

चार दिवस कागद पुढं घिऊन बसलो. आता लिवतो. राग यील, येऊ द्या.

तुमच्या चौकातला खड्डा खोटा हाय.

वाटणीच्या वक्ताला म्या तितं खणाया घेतलं. दोन हातांवर काळा पाषाण लागला. पहार तुटली. अर्थिंगची पट्टी आठ-दहा फूट खाली गेली पायजे, तवा ती ओल धरती. तुमच्या बाजूला सगळा खडक, आन् चांगली माती फकस्त मागल्या परसात, हौदाजवळ, जितं तुमच्या वडलांनी सुरवातीचा खड्डा केला हुता. ती जागा वाटणीत थोरल्याकडं गेली.

म्या थोरल्या मालकांस्नी इचारलं, काय करू? धाकटे म्हनत्यात एक तार सामाईक नको. ते हौदाच्या कट्ट्यावर बसलं हुतं. मग म्हनलं, "वरचं सगळं तोड. फेज तोड, न्यूट्रल तोड, मीटर वेगळं कर. जमिनीत जातंय ते ऱ्हाऊ दे. त्याला सांगू नको. सांगितलंस तर तो घर पेटवून घील पर माझ्या खड्ड्याला तार लावणार न्हाय."

म्हनून म्या तुमच्या चौकात दोन हात खड्ड्यावर झाकण बसवलं, नळी लावली, आन् तुमास्नी सांगितलं झालं म्हनून. चाळीस वर्सांच्या कामात ह्यो एकच खोटेपणा. पर बिनअर्थिंगचं घर तुमास्नी देणं माझ्याच्यानं झालं न्हाय.

आता आयका. त्या मागल्या खड्ड्याला उनाळा-हिवाळा पाणी लागतं. ते अठरा वर्सं कोन घालतंय ठाऊक हाय? थोरलं मालक. रोज सांजच्याला एक बादली. म्या डोळ्यानं बघितलंय. गेल्या साली संक्रांतीला म्या इचारलं, सकाळी का घालत न्हाय, गारवा असतो. म्हनलं, "आता सहालाच बरं पडतं." तितं बसलो तवा कळलं. सहाला भिंतीपलीकडं तुमची तबकडी लागती. ते पाणी वतत्यात आन् कट्ट्यावर बसत्यात. तबकडी सपली की आत जात्यात.

तार कापू नका. आन् तुमच्या वहीतल्या तारखा मला लिवा. घरघर कवा सुरू झाली, ह्याआधी कवा झाली हुती. सगळ्या.

कोंडीबा

*

सोलापूर
२१ एप्रिल २०२५

कोंडीबा,

पत्र वाचून मी तडक चौकात गेलो आणि झाकण उचललं. दोन हात खोल खड्डा. तळाला काळा खडक. त्यावर माझं वीस दिवसांचं पाणी साठून हिरवं झालेलं, आणि त्यात दोन किलो मीठ. डासांची पिलावळ. पुण्याच्या तज्ज्ञाला याच झाकणाचा फोटो काढून पाठवला होता. 'उत्तम अर्थिंग' असं त्याने कळवलं होतं.

चंद्रिका दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी म्हटलं, हसतेस काय? म्हणाली, "मिठागर छान झालंय."

मला हसू येत नाही. तुम्ही दोघांनी मिळून मला अठरा वर्षं मूर्ख केलंत. मी कोर्टात रोज लोकांच्या खोट्या साक्षी लिहून घेत होतो आणि माझ्याच चौकात एक खोटी साक्ष झाकण लावून बसली होती. त्याने माझ्यावर उपकार केले असं तुला सुचवायचं असेल तर ते मला नको आहेत. न मागितलेले उपकार म्हणजे जुलूम असतो. पाणी घालतो म्हणे! मग इतकं पाणी घालतो तर घरघर का?

तारखा हव्यात तर घे. वही दिवाळी २०२३ पासूनची आहे, यंत्रं आणली तेव्हापासूनची. पहिली घरघर गेल्या वर्षी पाडव्याच्या सुमारास: १ एप्रिल ते १२ एप्रिल. मग आपोआप बंद. त्यानंतर वर्षभर काही नाही. यंदाची घरघर ७ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांपासून, ती आजपर्यंत. फिल्टरची पहिली पेटी १६ मार्चला लावली, दुसरी १२ एप्रिलला. मुंग्या १६ मार्चपासून.

काल रेश्माचा फोन आला होता. "मामंजींनी पाटीवर लिहून दिलंय, तार तोडू नका," इतकंच म्हणाली. मी म्हटलं, का? म्हणाली, "ते मला माहीत नाही, पण त्यांनी पाटीवर तीनदा लिहिलंय."

रविवारी मशीन येणार. मी तार कापणार. माझी लाइन माझी असेल, माझी जमीन माझी असेल. या वयात मला एवढं तरी स्वच्छ ऐकायचं आहे.

मृत्युंजय

*

सांगोला
२५ एप्रिल २०२५

मालक,

पोस्टानं रविवारच्या आत मिळणार न्हाय म्हनून उद्याच्या सोलापूर गाडीच्या वाहकाकडं पाकीट देतो. रेश्मा फोन करील, स्टँडवर जाऊन घ्या.

तुमच्या वहीनं सगळं सांगितलं. गेल्या साली पाडव्याला थोरलं मालक पायी श्रीशैलला गेल्ते, संक्रांतीलाच मला सांगितलं हुतं. तीन आठवडे पाणी बंद. घरघर सुरू. ते परत आलं, बादली पडली, घरघर बंद. ह्यात दैवी काय न्हाय, साधी ओल हाय.

पाणी बंद झाल्यावर खड्डा आठ दिवस दम धरतो. यंदाची घरघर सात मार्चची. म्हंजी फेब्रुवारी सपायच्या टायमाला पाणी थांबलं. शिवरात्रीच्या आसपास. आन् अजून दोन महिनं झालं तरी थांबल्यालंच हाय.

मालक, त्यो माणूस गावात असताना अठरा वर्सं चुकला न्हाय. कुटं गेलाय त्यो? म्या पयल्या पत्रात तब्येत इचारली, तुमी उत्तर दिलं न्हाय. आता रागवा, पर उठा आन् इचारा.

दुसरं. घाण त्यांची तुमच्या तारंत येत न्हाय. तुमची त्यांच्यात जाती. ती फिल्टरची पेटी लाइनीतली घाण गाळती आन् हिरव्या तारंत सोडती. खड्डा वला असला की जमीन ती गिळती, कुणाला कळत न्हाय. खड्डा सुकला की ती जाणार कुटं? हिरव्या तारंला जे जे लोखंड जोडलंय त्या सगळ्यावर चढती. तुमच्या ॲम्प्लिफायरवर, आन् भिंतीपलीकडं त्यांच्या फ्रीजवर, मोटरीवर. आज मुंग्याच हायत. पर खड्डा सुका असताना कुठल्या यंत्रात फेजची तार आत टेकली तर दोन्ही घरात माणूस चिकटंल. सुक्या खड्ड्यावर कुणाचीच खात्री न्हाय.

पत्र वाचायच्या आधी पेट्या काढा. वाचलं असंल तर आता काढा.

कोंडीबा

*

सोलापूर
२८ एप्रिल २०२५

कोंडीबा,

पाकीट शनिवारी दुपारी तीनला स्टँडवर मिळालं. तिथेच बाकावर वाचलं. ऊन चव्वेचाळीस अंश होतं, रिक्षा मिळेना, चालतच घरी आलो. आधी दोन्ही पेट्या काढल्या. मग स्वयंपाकघरात गेलो.

जे बोलणं झालं ते शब्दशः उतरवतो. दुसरं मला काही येत नाही.

चंद्रिका खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती. मी विचारलं, "अण्णा कुठे आहे?"

ती कुटायची थांबली नाही. "कोण अण्णा? आमच्या घरात या नावाचं कुणी नाही अठरा वर्षं."

"चंद्रिका."

"मागच्या खोलीत. खाटेवर. दोन महिने झाले."

"काय झालं?"

"शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी परसात पडले. बादली घेऊन पायरी उतरत होते. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अजून उभं राहता येत नाही."

"बादली कशाला?"

"ते मला काय ठाऊक? म्हातारपणी झाडांना पाणी घालत असतील. मी विचारलं नाही."

"तुला हे कळलं कधी?"

"त्याच दिवशी. रोज दुपारी तुम्ही झोपलात की मी मागच्या बोळातून भाकरी घेऊन जाते. चन्नम्मा अक्काच्यानं दोन्ही होत नाही, त्यांचं करणं आणि चूल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, कीव करायला येईल, नको. आणि तुम्ही कधी विचारलंत? दोन महिने रोज विचारत होता, घरघर कुठून येते, घरघर कुठून येते. माणूस कुठे गेला ते एकदा तरी विचारलंत?"

मी म्हटलं, "त्यांचा फ्रीज..."

आता ती थांबली. "तुम्हाला कसं कळलं? महिना झाला चावतोय. अक्का रबरी चप्पल घालून उघडते. भावजींच्या लोखंडी खाटेचा पाय त्याला लागायचा आणि त्यांना झिणझिण्या यायच्या, म्हणून खाट सरकवून आपल्या भिंतीला लावली. त्यांना वाटतं ऑपरेशनमुळे शिरा ओढतात."

मी वही काढून पाहिलं. १६ मार्च. पेटी लावली तो दिवस. मी इकडे मुंग्यांची नोंद करत होतो, आणि तिकडे हाड मोडलेला माणूस त्याच मुंग्या अंगावर घेत होता.

रविवारी सकाळी मशीन आलं. दोन माणसं, कॉम्प्रेसर, सगळी गल्ली गोळा. गुरुशांत पक्कड घेऊन भिंतीजवळ बसला आणि म्हणाला, "काका, कापू?" मी थांब म्हटलं. तासाभराने पुन्हा म्हणाला, "काका, एकदाचं ठरवा. नवी लाइन टाकून झालीय, सॉकेट बसलंय, अर्थिंगशिवाय मी चालू करून देणार नाही. खडक फोडायचा की जुन्या खड्ड्याला जोडायचं?"

मी म्हटलं, जुना खड्डा माझा नाही. तो म्हणाला, "मग ज्यांचा आहे त्यांना विचारा की. इथून दहा फुटांवर आहेत."

मशीन परत पाठवलं. विचारलेलं नाही. घरात येरझारा घालतो आहे. दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. त्याच्याकडे जाऊन काय बोलू? मी तुझ्यावर वही लिहिली, असं?

मृत्युंजय

*

सांगोला
१ मे २०२५

मालक,

कार्डावर जागा कमी. नळीतनं पाणी हळू वता, एकदम वतलं तर वरनं जातं. मीठ नको. सांजच्याला सहालाच जावा.

काय बोलू म्हनता. काय बोलू नका. घशाचं झाल्यापासनं म्या बोललो न्हाय, कुटं काय अडलंय?

कोंडीबा

*

सोलापूर
१४ मे २०२५

प्रिय कोंडीबा,

शरणार्थ. तुझं कार्ड तीन तारखेला आलं. त्याच संध्याकाळी निघालो. मागच्या बोळाच्या कोपऱ्यावरून परत फिरलो. चार तारखेलाही तसंच. पाच तारखेला चन्नम्मा वहिनी स्वतःच दार उघडून उभ्या होत्या. चंद्रिकेने सांगितलं असणार. त्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची बादली माझ्या हातात दिली. ती एका बाजूला चेपली आहे. पडली तेव्हाची.

हौदावर भरली आणि पायरीवरून उतरलो. तीनच पायऱ्या आहेत, पण तिसरी मोडकी. नळीवर नरसाळं बसवलेलं, त्यावर नारळाची करवंटी उपडी, धूळ जाऊ नये म्हणून. मी हळू ओतलं. जमिनीने ते पाणी असं ओढून घेतलं की नळीतून आवाज येत राहिला. बादली रिकामी झाली तरी येत होता.

परसाकडे मागच्या खोलीची खिडकी आहे. आत खाट. अण्णा भिंतीकडे तोंड करून निजला होता. केस सगळे पांढरे झालेत. मी गजाजवळ उभा राहिलो. त्याने कूस बदलली नाही. जागा होता. लहानपणीही झोपेचं सोंग त्याला नीट जमत नसे, पायाचा अंगठा हलत राहतो.

असे सहा दिवस गेले. रोज सहाला बादली, रोज ती पाठ. वहिनी चौथ्या दिवशी म्हणाल्या, "फ्रीज चावायचा थांबला." मी मान हलवली. पेट्या मी काढून टाकल्या आहेत, हे त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही. ते अजून व्हायचं आहे.

दहा तारखेला पाणी ओतत होतो तेव्हा भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं. चंद्रिकेने तबकडी लावली होती. ती कधी त्या यंत्राला हात लावत नाही. मी कट्ट्यावर बसलो. माझीच तबकडी, माझेच स्पीकर, पण त्या बाजूने मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. भिंतीतून येताना वरचे बारीक सूर सगळे गळून जातात, शब्द अर्धेच कळतात. दीड वर्ष तो हे असं ऐकत होता. आणि एक सांगतो, तिथे घरघर मुळीच ऐकू येत नाही. बाजू संपली, सुई फिरत राहिली, खरखर येत राहिली, चंद्रिकेला ती उचलायची कशी ते माहीत नाही. मी धावत घरी गेलो नाही. दोन महिन्यांपूर्वी गेलो असतो.

गुरुशांत रोज विचारतो आहे. नवी लाइन भिंतीवर तशीच पडून आहे. मी निवृत्तीनंतर एवढा वेळ कशावर घालवला नव्हता, आणि ती आता एका माणसाच्या होकारावर अडली आहे, ज्याला मी अठरा वर्षं काही विचारलेलं नाही.

काल विचारलं. पाणी घालून झाल्यावर खिडकीशी गेलो. वाक्य घरी तीनदा लिहून पाहिलं होतं, तरी तोंडातून वेगळंच आलं. म्हटलं, "अण्णा, मी मीटरपासून एक नवी लाइन ओढलीय. जाड. यंत्रांसाठी. तिची हिरवी तार याच खड्ड्याला लावली तर चालेल का?"

त्याच्या पायाचा अंगठा थांबला. वहिनी दारात येऊन थांबल्या. मला वाटलं, नाही म्हणणार, आणि तसं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. दुकानाचं काढेल. वाटणीच्या वेळी मी तुला काय म्हटलं होतं, तेच शब्द मला परत देईल. मी ते ऐकायची तयारी करून उभा होतो.

तो वळला. वळताना दुखलं असणार, दात आवळले. माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या बादलीकडे बघितलं. आमच्या घरात धाकट्या भावाला कानडीतून तम्मा म्हणतात. वाटणीच्या दिवसापासून ती हाक मी ऐकली नव्हती.

म्हणाला, "जाड लाइन म्हणतोस, आन् एका बादलीनं काय होतंय, तम्मा? दोन घाल की."

मी बादली घेऊन परत हौदाकडे गेलो.

तुझा,
मृत्युंजय